तिसरी ऑफर

टेलिकॉम मॅनेजमेंटमध्ये एमबीए केलं म्हटल्यावर नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले निम्मे लोक माझ्याकडे रिचार्ज मारून घ्यायला आले. प्रत्यक्षात मला नोकरी लागली ती कंपनी सोडून चाललेल्या ग्राहकांना थांबवायची. पद्धत ठरलेली: आधी सोडण्याचं कारण विचारायचं, मग एकीपेक्षा एक भारी अशा तीन ऑफर द्यायच्या. तिसरीला बहुतेक जण थांबतातच.

सराव घरीच, आईवर. ती भाजी निवडता निवडता माझी ग्राहक व्हायची आणि पहिल्याच ऑफरला म्हणायची, "बरं, राहते."

"आई, इतक्यात मानायचं नसतं गं!" मी वैतागायचे.

काल मला दिल्लीच्या ऑफिसात बढती मिळाल्याचं पत्र आलं. आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने थेट माझा ऑफिसातला आवाज काढला. "मॅडम, आम्हाला सोडून जाण्याचं कारण कळेल का?"

"प्रमोशन," मी हसत म्हणाले.

"आतली खोली तुमच्या एकटीला दिली तर?"

"नको."

"मेथी महिन्यातून एकदाच?"

ही ऑफर जबरदस्त होती. तरी म्हटलं, "नको."

आईने मान हलवली आणि पुन्हा जुडीत हात घातला. मग मलाच राहवेना.

"आई, तिसरी राहिली ना!"

 

"ती नाही देणार, संजू. तू राहशील."