खांबावरची रेघ

“पोरं मरायची वाट बघताय तुम्ही, साहेब!” कौमुदीने टेबलावर हात आपटला. साहेब पाणीपुरवठ्याचे आणि मराठीच. लखनौमध्ये भांडायला तेवढा एक आपला माणूस मिळाला होता.

“टाकी ठणठणीत आहे, मॅडम.” साहेबांनी फाइल बाजूला सारली. चहा मागवला. एकच.

कौमुदी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. जानकीपुरममधल्या उंच टाकीच्या खांबाला तिने स्वतः सेन्सर चिकटवला होता. खांबावरचा ताण वाढला की लॅपटॉपवरची रेघ चढायची. आणि रोज संध्याकाळी ती चढत होती, टाकी भरलेली असो वा नसो. खाली बालवाडी. तिची लेक अंतराही तिथेच. टाकी रिकामी करा म्हणाली, तर कॉलनीच तिच्यावर उलटली. “मॅडम, पानी बंद करवाएंगी क्या?” भाजीवालासुद्धा टोमणे मारायला लागला.

ऑफिसातून ती तडक टाकीखाली गेली. लॅपटॉप लावला. तारेशेजारी ठेवलेला फोन वाजला आणि रेघ टुणकन उडाली.

“कुठेयस?” फोनवर नवरा, हृषीकेश. “अंतराला भूक लागलीय.”

“खिचडी टाक. आणि फोन ठेव जरा.”

फोन बंद. रेघ खाली.

तिने मान वर केली. टाकीच्या माथ्यावर मोबाइलचे अँटेना. संध्याकाळी लोक घरी येणार, फोन काढणार, अँटेना जोरात चालणार. सेन्सरचा सिग्नल केसाएवढा बारीक, आणि तिची लांबलचक तार त्या लहरी ओढून त्यात मिसळत होती. रेघ चढायची ती ताणाने नव्हे. इतके दिवस ती मोबाइलच मोजत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कामाला लागली. तार आखूड केली, पीळ देऊन धातूच्या जाळीत घातली. सिग्नल मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी, लहरी गाळायला, रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवले. सगळं पत्र्याच्या डब्यात बंद. शेजारी फोन वाजवला. रेघ ढिम्म. पण सेन्सर मेला असला तरी रेघ ढिम्मच राहते. म्हणून टाकी भरेपर्यंत आणि उतरेपर्यंत ती तिथेच थांबली. पाणी चढलं तशी रेघ हळूच चढली. पाणी उतरलं तशी बरोबर जागेवर आली.

खांब भक्कम होता. कौमुदी कट्ट्यावर बसून एकटीच हसली. बालवाडीतून पाढ्यांचा गलका येत होता. किती दिवसांनी तो नुसता ऐकता आला.

निकाल घेऊन ती स्वतःच साहेबांकडे गेली. लपवायचं काय त्यात?

साहेब खुलले. “बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की नाही?”

“सांगत होतात.” तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. “टाकी चांगली निघाली, मी खूश आहे. पण त्या खांबाला आजवर माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. मग तुम्हाला कसं कळलं होतं, साहेब? बोला. मी बसलेय.”