मागं कोण

"मागं कोण?" आयुषनं विचारलं.

सुरेखानं शहाबादी फरशीवर कोळशानं वाट काढली होती. घर, शाळेची भिंत, नदीकडचा ऊस, उसातून जाणारा बांध आणि पलीकडं मुरमाचा माळ. माळावर तीन टिंबं. ते पळस. उन्हं वर आल्यावर निघालं तर पाऊण तासात पोचता येत होतं. तेजश्रीला चौथीच्या वहीत पाच रानफुलं चिकटवायची होती. रुई, तरवड, घाणेरी, धोतरा झाली होती. पळस राहिला होता.

ते आपलं निमित्त. होळी होऊन आठ दिवस झाले, आयुषनं उंबरा ओलांडला नव्हता. शाळा बंद. अंगण बंद. लघवीलाही तो न्हाणीतच बसत होता.

"मागं मी," सुरेखा म्हणाली. "म्होरं आबा काठी घेऊन, मग तेजू, मग तू, मग मी."

आयुषनं रेघेवरून बोट फिरवलं. बांधावर येऊन बोट थांबलं.

"मग न्हाई जायचं."

"भित्रं!" तेजश्री म्हणाली. "मी जाते आबांसंगं. सगळ्या फुलांतला मध एकलीच चोखीन."

"तेजे, गप."

"काळ्या मागंच हुता," आयुष म्हणाला.

त्या दिवशी होळीच्या गोवऱ्या घेऊन सगळे त्याच बांधावरून घरी येत होते, काळ्या कुत्रं सगळ्यांत शेवटी. ऊस नुसता सळसळला. आयुषनं वळून पाहिलं तेव्हा मागचा बांध मोकळा होता. बिबट्या कुणालाच दिसला नाही, आयुषलाही नाही.

म्हाळू आबा दाराशी बसून काठीला घुंगरू बांधत होते. "मी ऱ्हातो मागं," ते म्हणाले. "माझ्यात काय हाय खायाला? दात दुखतील त्याचे."

"न्हाई."

"मग तेजूला ठिवू मागं."

तेजश्री वहीत बघायला लागली.

"चौघं शेजारी शेजारी चालू की," सुरेखा म्हणाली.

आयुषनं दोन हात धरून बांधाची रुंदी दाखवली. एक माणूस मावेल एवढी. त्याचं बरोबर होतं.

"तोड आल्यावर जाऊ," तो मोठ्या माणसासारखा म्हणाला. "ऊस न्हाई, तर त्यो बी न्हाई."

"कारखान्याची तोड अजून पंधरा दिसांनी, बाळा," आबा म्हणाले. "तवर पळस ऱ्हातोय व्हय? आत्ताच खाली सडा पडलाय."

पंधरा दिवस. सुरेखानं मुलाच्या पायांकडं पाहिलं. आठ दिवसांत मातीचा कणही न लागलेले, स्वच्छ, पांढुरके पाय. शाळेतून दोनदा निरोप आला होता. पंधरा दिवसांनी ऊस जाईल, पण तोवर फुलंही जातील, आणि याला बाहेर न्यायला तिच्यापाशी काहीच उरणार नाही.

"मग काय जल्मभर घरातच बसणार हाईस?" ती एकदम ओरडली.

आयुषनं गुडघे पोटाशी घेतले.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते परत घ्यावेसे वाटले. कोळसा तिनं चुलीकडं फेकला. "ऱ्हाऊ दे. कुणीच नगं जायाला." तिनं पंजा फरशीवर टेकवला आणि माळाकडून वाट पुसायला घेतली. एक पळस गेला.

आयुषनं तिचं मनगट धरलं.

"थांब."

तिनं हात उचलला नाही, पण पुढंही सरकवला नाही.

"आबा, त्यो मागनंच का येतो?"

"त्याला पाठ लागती. नजरंला नजर भिडली की बिचकतंय जनावर."

आयुषनं बांधाच्या रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग तो उठला.

"मग आई मागं चालंल. मी तिच्या म्होरं. पण तोंड तिच्याकडं करून. म्हंजी तिच्या मागचं मला दिसंल."

"उलटा?" तेजश्री फिसकन हसली. "त्या बांधावर? उताणा पडशील उसात."

"आई धरंल की."

सुरेखा उभी राहिली. कोळशानं काळे झालेले हात तिनं पुढं केले. त्यानं ते धरले आणि तिच्या खांद्यावरून मागं, घरातल्या अंधाराकडं नजर लावली. पापणी न हलवता. मग एक पाऊल मागं टाकलं. ती एक पाऊल पुढं आली.

अजून एक. अजून एक. तो मोजत नव्हता, बघत होता.

त्याची टाच उंबऱ्याला लागली.

तेजश्रीनं तोंड उघडलं. आबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

सुरेखानं खाली पाहिलं नाही. "पाय उचल जरा," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "हां. आता दुसरा."

त्याच्या मानेवर ऊन आलं. मग खांद्यावर. त्याचे पाय अंगणात चाचपडत होते, नजर अजून तिच्या मागंच होती. तिनं त्याचे हात सोडले नाहीत. बोलणं थांबलं तर तो खाली बघेल, आजूबाजूला बघेल.

"आन् पळस रं?" तिनं विचारलं. "असं उलटं चालल्यावर पळस कसा दिसायचा तुला?"

"येताना," आयुष म्हणाला. "येताना तुझ्या मागं पळसच आसंल की."