जिवंत पुरलेली बाई

विकीनं सांगाड्याच्या हातातला काळा गोटा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

“मित्रांनो, हा मांत्रिकाचा दगड,” तो आवाज घोगरा करून म्हणाला. “निजामाच्या काळात धनासाठी इथं एका बाईला जिवंत पुरलं. बघा, अजून बसलेलीच आहे!”

भर दुपार होती. ऊन रणरणत होतं. विकीच्या चॅनेलवर भुताच्या व्हिडिओत लागणारी रात्र नंतर कॉम्प्युटरवर करायची होती. विकीच्या दुसऱ्या हातात भूत हुडकायचं यंत्र लुकलुकत होतं. मोबाईलजवळ नेलं की ते लुकलुकतं, आणि विकीच्या खिशात दोन मोबाईल होते. कॅमेरा धरणाऱ्या भुजंगला हे ठाऊक नव्हतं. तो उमरीचा, एरवी लग्नांचं शूटिंग करणारा, दोन लेकींचा बाप. दुष्काळात लग्नं होईनात म्हणून या कामाला आला होता. भुताच्या धाकानं तो सांगाड्यापासून चार हात लांबूनच शूटिंग करत होता.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. धरण तळाला गेलं आणि बुडालेलं जुनं सावळी गाव वर आलं. काळ्या दगडाचा मठ आला, वेशीची कमान आली, मठामागच्या समाध्या आल्या. पाण्यानं समाध्यांची माती खाल्ली होती. एका खोबणीत मांडी घातलेला सांगाडा उघडा पडला होता. गाव वर आल्यावरही इकडं कुत्रं फिरकलं नव्हतं. भूत आहे म्हटल्यावर मात्र लोक गाड्या घेऊन यायला लागले.

“ठेव ते खाली!”

भेगाळलेल्या गाळातून एक बाई झपाझप येत होती. डोक्यावर टोपली, टोपलीत कोरं पांढरं कापड. ती साठीची जगदेवी, याच गावची लेक.

“मावशी, फ्रेममधून बाजूला व्हा,” विकी म्हणाला.

“माझी अव्वा हाय ती. आई हाय माझी! अन् तुझ्या हातात तिच्या गळ्यातलं इष्टलिंग हाय. दगड म्हणायलास व्हय रे?”

भुजंगनं कॅमेरा खाली घेतला. “तुमची आई? मंग अशी बसलेली कशी हो काकू?”

“आमच्या लिंगायतात बसवूनच पुरतेत. मांडी घालून, तळहातावर लिंग ठिवून. पूजेला बसावं तसं.” ती विकीकडं वळली. “जिवंत पुरलं ते आमाला, गावासकट. हिला न्हाई.”

खोबणीवरची नंदीची शिळा तिच्या बापानं स्वतः बसवलेली होती. चुकायचा प्रश्नच नव्हता. धरण बांधताना साहेब म्हणाले होते, समाध्या नव्या गावात हलवून देऊ. गाव बुडालं आणि पाठोपाठ जिल्हा तुटून नवा झाला. बाप अर्ज घेऊन जुन्या जिल्ह्यात गेला की ते म्हणत, नव्यात जा. नव्यात गेला की ते म्हणत, फाईल तिकडंच आहे. अशा चकरा मारतच बाप संपला. आता उदगीरचा आणखी एक जिल्हा करा म्हणून रस्त्यात फलक लागले होते. जगदेवी ते फलक बघायची आणि थुंकायची.

म्हणून तिनं या वेळी कुणाला विचारलंच नाही. नव्या सावळीत तिच्या भावानं, सिद्धेश्वरनं, खड्डा खणून ठेवला होता. विधी करायला जंगम स्वामी येऊन बसले होते. पाऊस लागून धरण भरायच्या आत अव्वाला घरी न्यायचं होतं.

विकीनं तिला समजावलं. “शांत व्हा मावशी. हे आज चॅनेलवर गेलं की पोलीस येतील. नरबळीचा संशय म्हणून हाडं तपासायला नेतील. बातमी होईल. तुमच्याच गावाचं नाव होईल.”

“अन् अव्वा?”

“मिळेल की परत. वर्षा-दोन वर्षांनी.”

जगदेवीचं डोकंच फिरलं. तिनं टोपली टाकली आणि विकीची गचांडी धरली. शर्टाची गुंडी तुटली. आतून पांढऱ्या दोऱ्यात अडकवलेली, अंड्याएवढी चांदीची डबी बाहेर लोंबकळली. तशा डबीत इष्टलिंग असतं, हे जगदेवीला सांगायला नको होतं. तशीच डबी तिच्याही गळ्यात होती.

“खरं नाव काय रे तुझं?”

“विरूपाक्ष.”

तिचा हात सुटला. तिला वाटलं होतं, शहरातलं पोर आहे, याला काय माहीत! माहीत नसलेल्याला चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. याला सगळं माहीत होतं.

“खरं कोण बघतं मावशी?” विकी डबी शर्टात कोंबत पुटपुटला. “पोट आहे मला पण.”

भुजंगनं एकदा त्या सांगाड्याकडं पाहिलं, एकदा विकीच्या गळ्याकडं. मग त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि विकीच्या तोंडासमोर धरला. आता तो चार हात लांब थांबला नाही.

“चालू हाय काकू,” तो म्हणाला. “काय विचारायचं ते विचारा त्याला.”

जगदेवीनं पदरानं तोंड पुसलं.

“बाप हाय का रे तुझा?”

“नाही. दोन वर्षांपूर्वी गेले.”

“त्याला कसं पुरलंस?”

विकीनं कॅमेऱ्याकडं पाहिलं. हातातलं यंत्र त्यानं खिशात घातलं, आणि तो काळा गोटा दोन्ही तळहातांवर घेतला.

“बसवून,” तो म्हणाला.