गॅरेजमधला प्रयोग

"हॉलवाल्यांनी नाटक कॅन्सल केलं, वर्णभेदाचा विषय नको म्हणाले," आसावरी म्हणाली. "आम्ही व्हिसावर आहोत, मावशी. थांबूया." जोहान्सबर्गमध्ये गोऱ्यांच्या सरकारनं थांडेकामावशींच्या नाटकांवर बंदी घालून त्यांना तुरुंगात टाकलं होतं. आता ऐंशीव्या वर्षी त्या अमेरिकेत, चँडलरमध्ये मुलाकडे राहून आसावरीसारख्या शेजारणींना घेऊन त्याच तुरुंगवासाचं नाटक बसवत होत्या. त्या हसल्या. "तिथं पोलीस प्रयोगात घुसायचे. आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवायचो. माझ्या गॅरेजमध्ये करू." शनिवारी गॅरेज प्रेक्षकांनी भरलं, पण मावशींची भूमिका करणारी घाबरून आलीच नाही. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या आसावरीला संवाद पाठ होते. ती मध्यभागी उभी राहिली. तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. तिच्या नवऱ्यानं दार खाली घ्यायला रिमोट उचलला. "उघडं राहू दे," ती म्हणाली. खड्या आवाजात तिनं सुरुवात केली, "माझं नाव थांडेका."