दोन मिनिटांचं काम

"पत्ता बदलायचा राहिला, ही माझीच चूक," काका समोरच्या बाईंना सांगत होते, तेवढ्यात वेबसाइटवाली दारात येऊन उभी राहिली.

काका कृत्रिम पाय बनवायचे. पांढऱ्या भुकटीनं कोपरापर्यंत माखलेले. खुर्चीत बसलेल्या बाई चाळिशीच्या. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता आणि उजव्या मनगटाला नवंकोरं प्लास्टर होतं.

"ये पोरी," काका म्हणाले. "ह्या शिवणकाम करतात. परवा आपल्या जुन्या जागी जाऊन आल्या."

"तीन मजले," बाई म्हणाल्या. "लिफ्ट बंद. वर पोचले तर कुलूप. दाराला कागद चिकटवलेला होता, त्यावर हा नवा पत्ता. उतरताना शेवटच्या जिन्यात कुबडी निसटली." त्यांनी प्लास्टर जरा उचलून दाखवलं. "आता सहा आठवडे कात्री धरायची नाही म्हणालेत."

"मी वेळेवर कळवायला हवं होतं," काका पुन्हा म्हणाले.

"छे हो. मीच फोन करून निघायला हवं होतं. पण वेबसाइटवर एवढा ठळक पत्ता, म्हटलं फोन कशाला?"

दोघंही चूक आपल्याच अंगावर घेत होती. वेबसाइटवाली मात्र मूग गिळून उभी. काकांनी कळवलं होतं. तीनदा. शेवटचा निरोप नऊ दिवसांपूर्वीचा: 'पोरी, सवड मिळेल तेव्हा बघ.' तिन्ही वेळा तिनं नुसता अंगठा पाठवला होता.

तिनं स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. जुना पत्ता पुसला, नवा लिहिला.

"झालं."

"झालं?" बाईंनी डाव्या हातानं फोन काढून पाहिलं. नवा पत्ता आलेला होता. "एवढंच होतं?"

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "काकांनी मला तीनदा सांगितलं होतं. त्यांची चूक नाही. तुमची तर नाहीच. मी केलं नाही."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली.

"का?" बाईंनी विचारलं.

"छोटं काम होतं. म्हटलं, करू नंतर."

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या मशीनची सुई मोडली तर मी बदलते. दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसत नाही. हे ह्यांचं ह्यांना का नाही करता येत?"

काका तिच्याकडे बघायचं टाळत भुकटी झटकू लागले. वर्षापूर्वी त्यांनी हेच मागितलं होतं. ती म्हणाली होती, "नको काका, तुमच्या हातून काहीतरी मोडेल." त्यावर ते हसले होते, "अगं, मी माणसाला गुडघा बसवून देतो, मला चार अक्षरं बसवता येणार नाहीत?" तीही हसली होती आणि विषय तिथंच राहिला होता.

"काही मोडलं नसतं," ती आता म्हणाली. कुणी विचारलेलं नव्हतं. "प्रत्येकाला माझी गरज लागते, ते मला आवडायचं."

"जाऊ दे," काका म्हणाले.

"जाऊ दे कसं?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

ती उठली नाही. दुपारपर्यंत त्याच स्टुलावर बसून राहिली. काका बाईंच्या पायाचं माप घेत होते, साचा ओतत होते, आणि ती काकांसाठी एक साधं पान तयार करत होती: पत्ता, वेळा, दोन ओळी मजकूर, खाली एकच बटण. मुद्दाम चुकीचं लिहून पाहिलं, सगळं पुसून पाहिलं, आधीचं जसंच्या तसं परत आणता येतं ना, तेही पाहिलं. मग लॅपटॉप काकांपुढे सरकवला.

"पासवर्ड तुमचा तुम्ही टाका. मला सांगू नका."

काकांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. चष्मा चढवला. एका बोटानं अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून ते आलं का बघायचं, असं चाललं होतं. पंधरा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उभी राहिली:

'दुकान आता तळमजल्यावर आहे. एकही पायरी नाही.'

वेबसाइट बांधताना तिनं रंग तीनदा बदलले होते. काकांचे फोटो चांगल्या उजेडात काढून घेतले होते. पायऱ्या किती, हे लिहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"बघा बरं, ठीक आहे का?" काका म्हणाले.

ती पुढे वाकली. पण काकांनी पडदा बाईंकडे वळवला होता.

बाईंनी ओळ वाचली. मग मान वळवून दाराकडे पाहिलं.

"उंबरा आहे," त्या म्हणाल्या. "चांगला वीतभर उंच. कुबडी अडकते. तेही लिहा."

"खरंच की," काका म्हणाले आणि 'उ' शोधू लागले.

तो कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.