घाटातला नवस

तीन महिने पहाड पालथे घालून परतताना रॉकी पर्वताच्या उतारावर मोटरहोमचे, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराचे, ब्रेक तापून लागेनासे झाले. जन्मात चर्चची पायरी न चढलेला डेल्बर्ट कळवळून म्हणाला, "देवा, घरी सुखरूप पोचव, दर रविवारी चर्चला येईन." ब्रेक लागले. चाळीस वर्षं एकटीच चर्चला जाणाऱ्या त्याच्या बायकोचे, नोरीनचे, डोळे भरून आले.

पण त्यानंतर नेब्रास्कातलं घर काही जवळ येईना. डेल्बर्टला वाटेवरची तळी आठवू लागली.

"डेल, हे तिसरं तळं. घरी जायचंय की नाही?"

"जाऊ गं. चर्चचं मी घरी पोचल्यावर म्हटलंय. देवानं ऐकलंय ते."

नोरीननं नकाशा काढला. शनिवारी मुक्कामासाठी फुकटातलं मोकळं मैदान मात्र तिनंच शोधलं, आणि डेल्बर्ट खुशीत घोरू लागला.

सकाळी त्यानं पायजम्यातच दार उघडलं, तर चारी बाजूंनी गाड्या, गाड्यांत नटूनथटून बसलेली माणसं आणि समोर मंचावर पाद्रीबाबा.



"आपण सगळे आपापल्या गाडीत बसूनच प्रार्थना करतो," पाद्रीबाबा माइकवरून म्हणाले, "पण घरासकट चर्चला आलेला भाविक आजच पाहिला."