बाहेरच्यांसाठी राखलेला आवाज

“पुन्हा तंबाखू खाल्ली, सिस्टर,” ड्रायव्हर म्हणाला आणि शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून बसला.

सिस्टरने शिव्या दिल्या नाहीत. तंबाखू सोडायला आलेल्यांशी सकाळपासून बोलून तिचा घसा बसला होता. पाय सुजले होते. बाहेरच्या बाकावर अजून एक पेशंट होता.

“खाल्ली त्या दिवशी काय झालं होतं?” तिने विचारलं.

“गाडी रस्त्यात बंद पडली. मालक फोनवर आईबहिणीवरून बोलला. मग राहवलं नाही.”

“कोणालाही राहवलं नसतं, दादा. पण त्याआधी एवढे दिवस राहिलात ना तंबाखूशिवाय? ते काय वाहून गेले? सटकलं तर सटकलं. आजपासून परत सुरू करू. आणि मालकाचा फोन आला की आधी हे निकोटिनचं च्युइंगम तोंडात टाका, मगच फोन उचला.”

ड्रायव्हरने मान वर केली. “मालकालाच द्या की एक. निदान तोंड तरी बंद राहील.”

ती हसली. तो हसत बाहेर गेला. असा गेलेला माणूस परत येतो, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

शेजारच्या खोलीत मोठे डॉक्टर कोणावर तरी ओरडत होते. “मरायचंय का? मग मर! माझा वेळ कशाला खातोस?” मरणाची भीती घातली की माणूस सुधारतो, असा डॉक्टरांचा पक्का समज. त्यांच्या खोलीत भिंतभर सडलेल्या जबड्यांची चित्रं. ती बघून पेशंट बाहेर पडायचे आणि फाटकासमोरच्या टपरीवर आधी एक पुडी फोडायचे. भेदरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण डॉक्टरांना सांगणार कोण? खुर्ची मोठी झाली की कान लहान होतात.

“पुढचे या,” सिस्टरने हाक मारली.

आत आला तो तिचा नवरा. हातात रीतसर केसपेपर.

“तुम्ही? इथे काय करताय?”

तो स्टुलावर बसला. उत्तराऐवजी त्याने तोंड उघडलं. तेही पुरतं उघडेना. तिने टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. जाड, खरखरीत. असे चट्टे ती रोज बघायची. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणी काही सांगू शकत नव्हतं. पण तंबाखू आत्ता सुटली तर आशा होती. न सुटलेल्यांची तोंडंही तिने पाहिली होती. ती चित्रातली नव्हती.

मग तिचा बांध फुटला.

“सांगत नव्हते मी? बोंबलून बोंबलून सांगत नव्हते? पुड्या गटारात फेकल्या, पोरीची शपथ घातली, महिना महिना अबोला धरला. लाज म्हणून नाही तुम्हाला! मरायचंच आहे ना? मग मरा एकदाचे!”

भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. डॉक्टर कान देऊन ऐकत असावेत.

नवरा उठला नाही. चिडलाही नाही. केसपेपरची घडी घालत म्हणाला, “हे घरी रोज ऐकतो. एवढ्यासाठी रांगेत बसलो नसतो.”

“मग कशासाठी बसलात?”

“मघापासून बाहेर ऐकत होतो. त्या ड्रायव्हरशी बोललीस, तसं बोल ना माझ्याशी. बायको राहू दे घरी. इथे सिस्टर म्हणून बोल.”

तिला रडू यायला हवं होतं. तेवढंही त्राण उरलं नव्हतं. गोड बोलणं, धीर देणं, ऐकून घेणं, होतं नव्हतं ते सगळं ती या खोलीत परक्यांना वाटून टाकायची. घरी पोचायचा तो नुसता गाळ. तो नवऱ्याच्या वाट्याला यायचा. त्याने कधी तक्रार केली नव्हती, आणि तिला वाटायचं, निर्लज्जपणा आहे.

तिने टॉर्च बाजूला ठेवला. खुर्ची पुढे ओढली. सवयीने ‘दादा’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

“बरं,” ती हळू आवाजात म्हणाली, “दिवसातली कोणती पुडी सोडायला सगळ्यात जड जाते?”

खावी की खाऊ नये यावर त्याला सगळ्या जगाने ऐकवलं होतं. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“संध्याकाळची,” तो म्हणाला. “जिन्यात तुझी चप्पल वाजली की हात आपोआप खिशात जातो.”